दीर्घिका घडताना कुणी पाहिली? वायूच्या जमाखर्चातून एक उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीर्घिकांच्या जन्मावर आणि उत्क्रांतीवर संशोधन करणारे लोक नेमकं करतात तरी काय? एक दीर्घिका बदलायला अब्जावधी वर्षं लागतात, मग ती बदलली हे कळतं कसं? आणि काही दीर्घिकांत आजही तारे जन्मतात, काहींत ते कधीच थांबलंय, असं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. माझं काम रेडिओ खगोलशास्त्रातलं, त्यातही दीर्घिकांमधल्या थंड हायड्रोजनवरचं. त्यामुळे माझं उत्तर वायूच्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो. कृष्णविवरांवर काम करणारा माणूस हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगेल.

आधी आपल्या आकाशगंगेचा जमाखर्च मांडू. तिच्यात आज वर्षाला साधारण एक ते दोन सूर्य होतील एवढ्या वायूचे तारे बनतात. तबकडीत शिल्लक असलेला थंड वायू काही अब्ज सूर्यांएवढा. भागाकार केला की दिसतं, हा साठा काही अब्ज वर्षांत संपायला हवा. पण तबकडीत 8-10 अब्ज वर्षं वयाचे तारे आहेत आणि सूर्य 4.6 अब्ज वर्षांचा आहे. म्हणजे तारे बनणं इतका काळ चालू आहे आणि पूर्वीचा वेग आजच्यापेक्षा कमी तर नव्हताच. तेव्हा बाहेरून वायू येत राहिला असणार, याला पर्याय नाही. हायड्रोजनचे काही ढग आजही तबकडीकडे कोसळताना दिसतात. नुसत्या थंड ढगांची बेरीज गरजेला पुरत नाही. आयनीभूत झालेला, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटलेला, गरम वायू त्यात धरला, की मग कुठे हिशेब जुळत आणता येतो.

दीर्घिकांची उत्क्रांती हा आमच्या दृष्टीने हाच जमाखर्च आहे: वायू किती आला, किती ताऱ्यांत गेला, किती बाहेर फेकला गेला आणि येणं कधी व का थांबलं. एडविन हबलने 1920च्या दशकात दीर्घिकांची आकारांवरून वर्गवारी केली: लंबवर्तुळाकार, सर्पिल वगैरे. पाठ्यपुस्तकांत अजून तीच पहिली भेटते आणि ती उपयोगाचीही आहे. पण न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीतून झालेल्या स्लोन सर्वेक्षणाने लाखो दीर्घिकांचे रंग आणि वर्णपट हाती दिले, तेव्हा एक वेगळीच विभागणी ठळक झाली. दीर्घिकांचे दोन घोळके पडतात. एक निळा, तारे बनवणारा. दुसरा लाल, ज्यातलं उत्पादन थांबलेलं आहे. मधल्या पट्ट्यात दीर्घिका विरळ. प्रचंड आणि अल्पायुषी तारे निळे असतात, ते काही कोटी वर्षांत मरतात, त्यामुळे दीर्घिका निळी दिसली की तिथे अलीकडे तारे जन्मलेत हे नक्की. निळ्यातून लाल होण्याचा रस्ता कोणता, यावर आमच्या क्षेत्रातली निम्मी भांडणं चालतात.

आता "कळतं कसं" याकडे. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून दूरचं बघणं म्हणजे जुनं बघणं, हे तुम्हाला माहीत असेलच. विश्व प्रसरण पावल्यामुळे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप म्हणजे रेडशिफ्ट. 1 रेडशिफ्टवरची दीर्घिका आपण पाहतो ती जवळपास 8 अब्ज वर्षांपूर्वीची. विश्वाचं वय 13.8 अब्ज वर्षं. वेगवेगळ्या अंतरांवरच्या दीर्घिकांचे नमुने घेतले, की वेगवेगळ्या काळांतली परिस्थिती समोर येते. यातून मिळालेला सर्वांत भक्कम निष्कर्ष असा: सगळ्या विश्वाचा मिळून तारे बनवण्याचा वेग सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होता आणि तेव्हापासून तो साधारण दहा पटींनी खाली आलाय.

हे आज सोपं वाटतं, पण विश्व काळानुसार बदलतं हेच एकेकाळी वादाचं होतं. 1950-60च्या दशकांत केंब्रिजला मार्टिन राइल रेडिओ स्रोत मोजत होता आणि पूर्वी ते जास्त होते असं म्हणत होता. स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे विश्व सर्व काळी सारखंच असतं या मताची, बाजू लढवत होता फ्रेड हॉइल, आणि त्याच्या सोबतीला त्याचा तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर. मोजणी शेवटी राइलच्या बाजूने गेली. पण त्या वादामुळे मोजणी करणाऱ्यांना आपल्या त्रुटी फार काटेकोरपणे तपासाव्या लागल्या, आणि त्याचं श्रेय हरलेल्या बाजूलाही द्यायला हवं असं मला वाटतं.

या पद्धतीत एक खोच आहे, ती लोकप्रिय लेखनात सहसा येत नाही. समजा एका गावातल्या सगळ्या माणसांचा एकाच दिवशी फोटो काढला. त्यावरून मुलं, तरुण, म्हातारे दिसतील, पण यातलं कोणतं मूल पुढे पैलवान होणार आणि कोणतं मास्तर, ते फोटो सांगत नाही. 8 अब्ज वर्षांपूर्वीची निळी दीर्घिका आज लाल झाली, का दुसरीत विलीन झाली, का अजून निळीच आहे? आजच्या लाल दीर्घिकांची तेव्हाच्या लाल दीर्घिकांशी थेट तुलना केली तर उत्तर चुकतं, कारण आजच्या कित्येक लाल दीर्घिका तेव्हा निळ्यांच्या यादीत होत्या. वाडवडील शोधण्याचं हे काम सांख्यिकीने करावं लागतं आणि त्यात मतभेदांना भरपूर जागा आहे.

दुसरा मार्ग उत्खननाचा. आपल्याच दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या कक्षा आणि त्यांची रासायनिक घडण पाहून इतिहास उकलायचा. गाया या युरोपीय उपग्रहाने 180 कोटींच्या आसपास ताऱ्यांच्या जागा मोजल्या. 2018 साली त्या नोंदींत एक मोठा समूह सापडला: हे तारे लांबट कक्षांतून फिरतात आणि त्यांची रासायनिक घडण आपल्या तबकडीतल्या ताऱ्यांपेक्षा वेगळी आहे. सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या एका दीर्घिकेचे ते अवशेष. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. पुढच्या टकरींबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेशी आपली टक्कर "नक्की" होणार असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. 2025मध्ये आलेल्या नव्या गणितांनुसार पुढच्या 10 अब्ज वर्षांत तसं होण्याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी आहे.

मुळात दीर्घिका जमते कशी, हे थोडक्यात उरकतो, कारण यावर वाचायला भरपूर मिळेल. महास्फोटानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी विश्वात घनतेचे जे चढउतार होते त्यांचा ठसा आकाशभर सगळीकडून येणाऱ्या पार्श्वभूमीवरच्या सूक्ष्मलहरींत लाखात एक भाग एवढ्या तापमानाच्या फरकाने उमटलेला आहे. कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारं आणि फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य, साध्या द्रव्याच्या साधारण पाचपट. ते स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोळा होत गेलं आणि त्याचे मोठाले गोळे, म्हणजे प्रभामंडलं (हॅलो), तयार झाली. साधा वायू त्यांत ओढला गेला. कृष्णद्रव्याला प्रकाश सोडून थंड होता येत नाही, वायूला येतं. थंड झालेला वायू आत घसरतो, कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, मात्र सहजी सुटत नाही, म्हणून तबकडी बनते. प्रभामंडलात वायू किती लवकर थंड होतो यावर दीर्घिकेचं आकारमान ठरतं, ही मांडणी 1977-78मध्ये रीस, ऑस्ट्रायकर, व्हाइट यांच्या निबंधांत आली. आज आम्ही जे करतो त्याचा पाया तोच.

त्या मांडणीची एक अडचण तेव्हाच लक्षात आली होती. नुसतं थंड होण्याचं गणित केलं तर विश्वात आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त तारे बनायला हवेत. प्रत्यक्षात आपल्या आकाशगंगेएवढ्या प्रभामंडलात, म्हणजे जिथे हे काम सर्वांत कार्यक्षमतेने होतं तिथेसुद्धा, वाट्याला आलेल्या साध्या द्रव्यापैकी फार तर पाचव्या हिश्श्याचे तारे झालेत. लहान प्रभामंडलात त्याहून कमी, महाप्रचंड प्रभामंडलातही कमी. तेव्हा दीर्घिका कशी बनते यापेक्षा ती इतकी कमी का बनते, हा प्रश्न मला जास्त सकस वाटतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे.

थंड हायड्रोजन अणू 21 सेंटीमीटर तरंगलांबीची, म्हणजे 1420 मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडतो. एका अणूकडून ती आपोआप निघायला सरासरी 1 कोटी 10 लाख वर्षं लागतात. दीर्घिकेत अणूच इतके असतात की तरीही एकूण संकेत मिळतो. व्हॅन डी हुल्स्टने हे भाकीत 1944 साली केलं, 1951मध्ये युएन आणि पर्सेल यांना ती लहर सापडली. जवळच्या दीर्घिकांत ती सहज मोजता येते. दूरच्या दीर्घिकांत मात्र संकेत इतका क्षीण की 2020पर्यंत 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हा वायू किती होता हे थेट मोजलेलंच नव्हतं. तारे किती बनत होते ते ठाऊक, कच्चा माल किती होता ते नाही. अर्धीच वही हातात.

हे मोजमाप झालं ते पुणे जिल्ह्यात. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. तारांच्या दोऱ्यांवर ताणलेली स्टीलची जाळी वापरल्यामुळे ती परवडणाऱ्या खर्चात उभी राहिली. दोन-दोन अँटेनांची जोडी धरली तर 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाचा थोडा वेगळा तपशील पकडते. 1 रेडशिफ्टवरून निघालेली 1420ची लहर इथे पोचेपर्यंत 710 मेगाहर्ट्झची झालेली असते. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीचा एक पट्टा 550 ते 850 मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ही लहर अगदी त्याच्या मध्यावर पडते.

पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रामधल्या आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि रामन संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं ते पाहा. एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला. पण हवाईमधल्या केक दुर्बिणीने आधीच केलेल्या एका सर्वेक्षणामुळे या दीर्घिकांच्या जागा आणि रेडशिफ्ट अचूक माहीत होते. म्हणजे प्रत्येकीचा संकेत आकाशात कुठे आणि कोणत्या वारंवारतेला असायला हवा हे ठरलेलं. त्या-त्या जागेचा वर्णपटाचा तुकडा कापायचा, सगळे तुकडे एका रेषेत आणायचे आणि सरासरी काढायची. अशा 7,653 दीर्घिका त्यांनी एकत्र केल्या. गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो, म्हणजे इथे सुमारे 87 पट. संकेत वर आला. सरासरी दीर्घिकेत हायड्रोजन निघाला सुमारे 12 अब्ज सूर्यांएवढा. त्या काळातल्या ताऱ्यांच्या जन्मवेगाने तो दीडेक अब्ज वर्षांत संपला असता. खगोलशास्त्रात हा काळ फारच थोडा. पुढे त्याच गटाने निरीक्षणाचा वेळ 510 तासांपर्यंत नेला, 11,419 दीर्घिका घेतल्या, आणि 1.3 ते 1.0 रेडशिफ्टच्या दरम्यान, म्हणजे साधारण एक अब्ज वर्षांत, सरासरी वायू तीन पटींहून अधिक घटल्याचं दाखवलं. खर्च चालू होता, आवक त्याच्या मागे पडली. विश्वातलं ताऱ्यांचं उत्पादन त्यानंतर का उतरणीला लागलं, याचं सरळ कारण इथे दिसतं.

ही सरासरी काढणं कागदावर दोन ओळींचं आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो कचरा काढण्यात. निरीक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटी थ्री-सी 286सारखा, तीव्रता पक्की माहीत असलेला स्रोत बघायचा, त्यावरून प्रत्येक अँटेनाची पट्टी लावून घ्यायची. मग पडद्यावर एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर वारंवारता असं चित्र येतं. एकाच वारंवारतेला रात्रभर जाणारी जाड रेघ म्हणजे कुणाचं तरी प्रक्षेपण. सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी उमटलेला पट्टा बहुधा विजेच्या तारांवरच्या ठिणगीचा किंवा आभाळातल्या विजेचा. ते सगळं खूण करून बाजूला काढायचं, आमच्या भाषेत फ्लॅग करायचं. त्रास ठळक कचऱ्याचा नसतो. नजरेला दिसत नाही एवढा बारीक कचरा हजारो तुकड्यांत एकाच जागी राहिला, तर सरासरीत तोही सुबकपणे वर येतो आणि अगदी संकेतासारखा दिसतो. म्हणून उलट परीक्षा घ्यायची: जागा किंवा रेडशिफ्ट मुद्दाम चुकीचे धरून तीच सरासरी काढायची. खरा संकेत असेल तर तो नाहीसा व्हायला हवा. कुणी नवा विद्यार्थी उत्साहाने आलेख घेऊन आला की मी आधी हा दुसरा आलेख मागतो. चेहरा जरा पडतो, पण त्याला इलाज नाही.

आता, आवक का थांबते? लहान दीर्घिकांत प्रचंड ताऱ्यांचे स्फोटच वायू बाहेर ढकलतात; सप्तर्षींच्या दिशेला असलेल्या एम 82 दीर्घिकेतून वरखाली उसळणारा वायू छायाचित्रांत सरळ दिसतो. मोठ्या दीर्घिकांत गणित वेगळं. प्रभामंडल साधारण 1,000 अब्ज सूर्यांच्या, म्हणजे आकाशगंगेच्या प्रभामंडलाच्या, पुढे गेलं की आत येणारा वायू धक्क्याने लाखो अंश तापतो आणि लवकर थंड होत नाही. तरीही तो हळूहळू थंड व्हायला हवाच, आणि इथे मधलं कृष्णविवर आड येतं. ययाति तारकासमूहातल्या पर्सियस दीर्घिकागुच्छाचं चंद्रा या अवकाश दुर्बिणीने घेतलेलं क्ष-किरण चित्र शोधून पाहा. मधल्या दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना गरम वायूत पोकळ्या आहेत, आणि रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं तर नेमक्या त्याच पोकळ्या कृष्णविवराच्या झोतांनी भरलेल्या दिसतात. त्या फुगवायला लागलेली ऊर्जा आणि वायू थंड होताना गमावतो ती ऊर्जा साधारण बरोबरीच्या निघतात. कृष्णविवर वायू गिळून संपवतं हा समज मात्र सोडून द्या. ते फारच थोडा गिळतं. बाकीच्याला थंड होऊ देत नाही.

तिसरा प्रकार शेजाराचा. दाट दीर्घिकागुच्छात शिरणाऱ्या दीर्घिकेचा वायू गुच्छातल्या गरम वायूच्या दाबाने मागे ओढला जातो. जेलीफिशसारख्या शेपट्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव पडलंय. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने अशा शेपट्यांमध्ये नुकतेच जन्मलेले ताऱ्यांचे पुंजके टिपले आहेत. यातलं कोणतं कारण कुठे वरचढ, हे दीर्घिकेच्या वस्तुमानावर आणि शेजारावर अवलंबून. एकच खलनायक शोधणारे लेख वाचलेत तर जरा सबुरीने घ्या.

संगणकीय सादृश्यांबद्दल (सिम्युलेशन) थोडं: यांत दीर्घिकांची घडण संगणकावर गणिताने उभी करतात. इलस्ट्रिस-टीएनजी आणि ईगल या सादृश्यांच्या चित्रफिती फार देखण्या आहेत, खऱ्या आकाशापासून ओळखू येऊ नयेत इतक्या. पण त्यातल्या मोठ्या सादृश्यांमध्ये वायूचा सर्वांत लहान कण लाखो सूर्यांच्या वस्तुमानाचा असतो. एकेक तारा, एकेक स्फोट त्यात मावत नाही. त्यासाठी ठोकताळे घालावे लागतात आणि त्यातले काही आकडे आजच्या दीर्घिकांशी जुळवून घेतलेले असतात. त्यामुळे सादृश्याने आजच्या दीर्घिका बरोबर दाखवल्या यात नवल नाही. ज्यासाठी आकडे जुळवलेले नाहीत ते, उदाहरणार्थ पूर्वीचा थंड हायड्रोजन, बरोबर येतं का ते बघायचं. निरीक्षकांचा खरा उपयोग तिथे.

जेम्स वेब दुर्बिणीबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून. महास्फोटानंतर 30 कोटी वर्षांच्या आतल्या, अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका तिने दाखवल्या. त्यावरून "महास्फोट सिद्धांत मोडीत" असे मथळे झाले, ते निव्वळ खोटे. सुरुवातीला काढलेली काही अवाढव्य वस्तुमानं नंतर खाली आली, कारण काही ठिकाणचा प्रकाश ताऱ्यांऐवजी कृष्णविवराच्या भोवतालचा असावा असं दिसलं. दीर्घिकेचं वस्तुमान कुणी तराजूत तोलत नाही. प्रकाशावरून, ताऱ्यांची वयं आणि धूळ यांबद्दल गृहीतकं धरून ते काढलेलं असतं आणि दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होणं रोजचंच आहे. कोडं उरतंच, ते म्हणजे इतक्या लवकर इतकी शिस्त कुठून आली. 2025 साली पुण्यातल्याच एनसीआरएच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या चित्रांत अलकनंदा ही दीर्घिका सापडली: विश्व दीड अब्ज वर्षांचं असताना दोन व्यवस्थित सर्पिल बाहू असलेली. एवढी सुबक तबकडी त्या गोंधळाच्या काळात अपेक्षित नव्हती. तिचा वायू शांतपणे आत येत राहिला असावा का, हे पाहायचं तर त्या वायूच्या हालचाली मोजाव्या लागतील.

तुम्हाला स्वतः काही करून बघायचं असेल तर दुर्बिणीची गरज नाही. स्लोन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून दहाएक हजार जवळच्या दीर्घिका उतरवून घ्या. आडव्या अक्षावर ताऱ्यांचं वस्तुमान, उभ्यावर रंग घ्या आणि आलेख काढा. दोन घोळके दिसतील. मग अरेसिबोच्या दुर्बिणीने, ती 2020मध्ये कोसळण्यापूर्वी, केलेलं अल्फाल्फा सर्वेक्षण घ्या. त्यात 31 हजारांवर हायड्रोजन स्रोत आहेत. दोन्ही याद्या आकाशातल्या जागेवरून जुळवा आणि आधीच्या आलेखात हायड्रोजन सापडलेले ठिपके वेगळ्या रंगात दाखवा. बहुतेक ठिपके निळ्या घोळक्यात पडतील. पण थोडे लाल घोळक्यातही दिसतील: वायू आहे, तारे मात्र बनत नाहीत. त्यातल्या पाच-दहांची चित्रं उघडून बघा. काही नुसत्या धुळीमुळे किंवा कडेने दिसत असल्यामुळे लाल भासत असतील, त्या वगळा. उरलेल्यांची यादी घेऊन तुमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांकडे जा. उन्हाळी प्रकल्पाला तेवढी पुरते.